तिला नदीतून कोणी काढलं?

काणकोणला मामाच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक डीव्हीडी आहे, तिचं कव्हर खाऱ्या हवेने पिवळं पडलंय आणि मधली पकड तुटलीय म्हणून डिस्क नुसतीच आत सुटी पडलेली असते. 'द बॉर्न सुप्रिमसी', 2004 चा सिनेमा. मामाला इंग्रजी सिनेमांचं वेड आहे असं अजिबात नाही, पण हा सिनेमा सुरूच गोव्यात होतो आणि त्यात दिसणारा किनारा पाळोळेचा, मामाच्या घरातून चालत दहा मिनिटांवरचा. त्यामुळे आमच्याकडे हा सिनेमा घरचाच.

2005 ची मे महिन्याची सुट्टी. मामाने मडगावहून डीव्हीडी प्लेयर आणला होता आणि वाड्यावरची निदान वीस माणसं त्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेली. शूटिंग झालं तेव्हा वाड्यावरचे कोणकोण लांबून बघून आले होते, त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी ओळखायचंच होतं. हा बघ आपला माड, ही बघ ती वाट, अशी आरडाओरड चाललेली. कोणाला त्यातला नट मॅट डेमन माहीत नव्हता, कोणाला सीआयए या अमेरिकन हेरखात्याचं काही पडलेलं नव्हतं. मामी दारात बसून रतांबे फोडत होती, सोलं वाळत घालायचे दिवस, तिची बोटं मनगटापर्यंत लाल झालेली, आणि ती मान वर करून एक डोळा टीव्हीवर ठेवून होती.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेसन बॉर्न म्हणजे सीआयएने तयार केलेला मारेकरी, त्याची स्मृती गेलीय. पहिल्या भागात, 2002 च्या, त्याला मारी भेटते आणि दोघं पळून जातात. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती दोघं गोव्यात लपून राहतायत. त्याला रात्री वाईट स्वप्नं पडतात, डोकं ठणकतं, मारी त्याला आठवेल ते वहीत लिहायला लावते. मग किरिल नावाचा एक रशियन मारेकरी येतो. बॉर्नला त्याचा वास लागतो, तो मारीला जीपमध्ये घालतो, पाठलाग सुरू होतो. आणि चालत्या गाडीत तो मारीच्या हातात स्टिअरिंग देतो, स्वतः बाजूच्या सीटवर सरकतो, म्हणजे बंदूक हातात घेता येईल. ती त्याला सांगत असते की तुझ्या हातात अजून निवड आहे, असंच करायला पाहिजे असं काही नाही. तो म्हणत असतो की माझ्याकडे दुसरा मार्गच नाही. आणि किरिल लांबून नेम धरतो तो ड्रायव्हरच्या जागेवर, कारण त्याच्या हिशोबाने तिथे बॉर्न बसलाय. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तिथे आता मारी. जीप पुलावरून नदीत. पाण्याखाली तो तिला जागं करायचा प्रयत्न करतो, होत नाही, मग तिला सोडून देतो आणि ती त्या गढूळ हिरव्या पाण्यात मागे मागे जाते.

खोली एकदम गप्प झाली होती. आमचा गोवा बघायला बसलेली माणसं आमच्याच नदीत एक बाई बुडताना बघत होती. पुढे तो किनाऱ्यावर तिचे कागद, फोटो जाळतो, एक फोटो ठेवतो, आणि निघून जातो. इथे गोवा संपला, तशी निम्मी माणसं उठून घरी गेली.

मामी मात्र तशीच बसलेली, हातातला रतांबा तसाच. म्हणाली, "आनी तिका न्हंयेंतल्यान कोणें काडलें?"

मामा म्हणाला, सिनेमा गो तो.

"सिनेमा जालो म्हूण कितें जालें?" मामी म्हणाली, आणि परत कामाला लागली.

मी तेव्हा बारावीला होतो, मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला होता. आज वाटतं की त्या सिनेमाबद्दल इतका बरोबर प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला मी ऐकला नाही. मामी तळपण नदीच्या काठची. तिच्या लहानपणी होडी उलटून गेलेली माणसं शोधायला अख्खा गाव दोन-दोन दिवस काठाने फिरायचा, हे तिने आम्हाला सांगितलेलं. गेलेलं माणूस पाण्यात ठेवून कोणी घरी जात नाही, एवढंच तिला माहीत होतं.

आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत हा शब्द चुकीचा, पण त्या सिनेमाचा पुढचा सगळा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. कोणी तिचं शरीर काढताना दिसत नाही, पण बॉर्न तिला सोडून गेलेला नाहीय. सीआयएतल्या ज्या अ‍ॅबटमुळे हे सगळं झालं तो त्याच्यासमोर बसलेला असतो, पिस्तूल हातात, आणि तो मारत नाही. कारण सांगतो ते एवढंच की तिला ते आवडलं नसतं. पुढे मॉस्कोमध्ये, खांद्यात गोळी, दुकानातून उचललेली व्होडका जखमेवर ओततोय, पिवळ्या टॅक्सीतून तो भयंकर पाठलाग, बोगद्यात किरिलची गाडी चिरडते. किरिल रक्तबंबाळ अवस्थेत समोर. मारीला मारणारा माणूस. बॉर्न बंदूक रोखतो, बघतो, आणि चालायला लागतो. तिथून तो जातो एका मुलीकडे, जिच्या आईवडलांना त्याने पूर्वी मारलेलं असतं, आणि तिला सांगतो की तुझ्या आईने तुझ्या वडलांना मारलं नाही, मी मारलं. माफी मागतो, लंगडत बर्फात निघून जातो.

अ‍ॅक्शन सिनेमाचा शेवट माफी मागून. मला हे कळायला कॉलेजची दोन वर्षं जावी लागली. पुलावर मारी जे बोलत होती की निवड तुझ्या हातात आहे, ते वाक्य बॉर्न पूर्ण 108 मिनिटं अंगावर घेऊन फिरतो आणि शेवटी त्या वाक्यासारखं वागतो. ती नदीत राहिली नाही. तिचं बोलणं तो बरोबर घेऊन गेला.

तिसऱ्या भागातही तेच, 'अल्टिमेटम', 2007. सुरुवातीलाच तो मारीच्या भावाकडे जातो, बातमी स्वतःच्या तोंडाने द्यायला. गोष्टीला त्या सीनची तशी गरज नव्हती, तरी ठेवलाय. आणि शेवटी त्याला कळतं की त्याला कोणी पकडून मारेकरी बनवलं नव्हतं, तो डेव्हिड वेब नावाचा तरुण अधिकारी होता आणि स्वतःच्या पायाने तिथे चालत गेला होता, स्वतः हो म्हणाला होता. इतकी वर्षं ज्यांना शोधत फिरला त्यांच्या यादीत त्याचं स्वतःचंही नाव निघालं. त्या सिनेमाला एडिटिंग आणि साउंडची मिळून तीन ऑस्कर मिळाली, ती मिळायलाच पाहिजे होती, पण माझ्यासाठी तो सिनेमा त्या एका शोधासाठी मोठा आहे.

हेरांचं आम्हा गोंयकारांना अगदीच नवल नाही. 1943 च्या मार्चमध्ये मुरगाव बंदरात जर्मन जहाज 'एरेनफेल्स'वर रात्रीचा हल्ला झाला होता, पोर्तुगाल युद्धात तटस्थ म्हणून ती जहाजं इथे आसऱ्याला उभी, आणि हल्ला करायला कोण आलं तर कलकत्त्याहून वय झालेले हौशी घोडदळवाले. त्यावर 1980 मध्ये 'द सी वुल्व्ज' नावाचा सिनेमा निघाला, ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निवेन, आणि शूटिंग इथेच गोव्यात. माझे आजोबा वास्कोला रेल्वेत होते, त्यांनी ऐकलेल्या गोष्टी ते सांगायचे, बंदरातून दिसलेल्या जाळाच्या. आजोबांचा सूर नेहमी असा की बाहेरची माणसं येतात, त्यांचं काम करतात, निघून जातात, आणि बुडालेलं जे काय असतं ते आमच्या पाण्यात राहतं. मामीचा प्रश्न मला म्हणूनच परका वाटत नाही आता.

मामी 2011 मध्ये गेली. आजार मोठा नव्हता, वेळेवर कळलं असतं तर, पण ते जाऊ दे. दिवस झाल्यावर मावश्यांनी तिच्या साड्या वाटल्या, विळी कोणी नेली, भांडी कोणी. मामाने चष्मा ठेवून घेतला. एका दांडीला तिने स्वतः काळा दोरा गुंडाळलेला, स्क्रू पडला होता म्हणून, दुकानात जाऊ जाऊ म्हणत राहिली आणि तसाच वापरला. तो चष्मा मामाच्या शर्टांच्या पेटीत असतो, रुमालात.

आता 2016, 'जेसन बॉर्न'. नऊ वर्षांनी मॅट डेमन परत, दुसऱ्या-तिसऱ्या भागाचा दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास परत. मध्ये 2012 ला जेरेमी रेनरला घेऊन 'बॉर्न लेगसी' काढलेला, तो मी मोजतच नाही, त्यात बॉर्नच नाही. पण हा खरा, दोघं मिळून करतायत म्हणजे काहीतरी सांगायचं असणार असं मी धरून चाललो होतो. मी पणजीला नोकरी करत होतो, शनिवारी दुपारी काणकोणला गेलो, मामाला म्हटलं चल, तुझा पाळोळेवाला परत आलाय. मामा पाच वर्षांत थिएटरात गेला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून तयार. भरून पाऊस, करमल घाटात समोरचं दिसत नव्हतं, कुंकळ्ळीला थांबून चहा घेतला, मामा सगळी वाट जुना सिनेमा आठवत होता.

सुरुवात खरंच चांगली आहे, हे आधी सांगतो. ग्रीस-अल्बानियाच्या सीमेवर कुठेतरी बॉर्न पैशांसाठी नुसत्या मुठींनी मारामाऱ्या करतोय. शरीर दणकट, चेहरा थकलेला, डोळ्यांत कोणी नाही. एका ठोशात समोरचा पडतो आणि याला त्याचं काहीच वाटत नाही. नऊ वर्षं हा माणूस स्वतःला शिक्षा देत फिरतोय हे एका शब्दाशिवाय कळतं. मामा माझ्या कानाशी म्हणाला, "हाका कोण ना मरे." याला कोणीच नाही. मला वाटलं, आज काहीतरी बघायला मिळणार.

मग निकी येते. निकी पार्सन्स, ज्युलिया स्टाइल्स, पहिल्या भागापासूनची. तिसऱ्या भागात ती आणि बॉर्न यांच्यात पूर्वी काहीतरी होतं असं सुचवलेलं, ते त्याला आठवत नाही आणि ती सांगत नाही, ती केस कापते-रंगवते तेव्हा तो पहिल्या भागातली मारी बघतो, इतकं हळुवार काम. आता ती सीआयएची गुपितं चोरून त्याला भेटायला अथेन्सला आलीय. रस्त्यावर दंगल, पेट्रोल बॉम्ब, दोघं मोटरसायकलवर, आणि छतावरून एक मारेकरी तिला गोळी घालतो. हा प्रसंग म्हणून बघितला तर उत्तम घेतलाय, धूर, गर्दी, घुसमट, सगळं अंगावर येतं. (अथेन्स म्हणून जे दिसतं ते बरंचसं टेनेरिफे बेटावर घेतलंय. पडद्यावर गोवा बघितलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही, आमच्याही सिनेमात वळणावर गाडी वळली की दुसराच गाव येतो.)

पण पुढे काय? निकी मेली, तिने हातात एक किल्ली दिली, बॉर्न ती किल्ली घेऊन पळाला. झालं. माझं म्हणणं इथून सुरू होतं. पुढचा दीड तास ती बाई त्या सिनेमातून पुसून टाकल्यासारखी आहे. ना तिचं कोणी घर, ना कोणाला निरोप, ना बॉर्नच्या एखाद्या निर्णयात तिची सावली. मारीच्या वेळी जे केलं तेच परत केलंय, लांबून गोळी, चालत्या गाडीवर, बरोबरची बाई मरते, पण मारी मेली तेव्हा माणूस बदलला आणि निकी मेली तेव्हा फक्त पुढचा लोकेशन बदलला, अथेन्सहून बर्लिन, बर्लिनहून लंडन, लंडनहून लास वेगास.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त लागली. या भागात कळतं की बॉर्नचे वडील सीआयएत होते, आणि बैरुतमध्ये ते बॉम्बस्फोटात गेले. मुलाला वाटलं दहशतवाद्यांनी मारलं, म्हणून तो त्या कामात शिरला. आणि खरं तर सीआयएच्याच वरच्या माणसाने, ड्यूईने, त्यांना मारून घेतलेलं, कारण ते मुलाला यात ओढण्याच्या विरुद्ध होते. म्हणजे काय झालं बघा. तिसऱ्या भागाने सोसून मिळवलेली जी गोष्ट होती, की मी स्वतः हो म्हणालो, ती यांनी काढून घेतली. तो हो म्हणाला कारण त्याला फसवलं होतं. मग त्याचा काय दोष! मारी पुलावर जे म्हणाली होती, निवड तुझी आहे, त्यातली निवडच गेली. मॉस्कोतल्या त्या पोरीकडे जाऊन मागितलेली माफीसुद्धा मागे जाऊन हलकी झाली. एक सिक्वेल वाईट असणं वेगळं आणि आधीच्या चांगल्या सिनेमांच्या खिशात हात घालणं वेगळं, हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

आणि सगळ्यांचं सगळं वैयक्तिक. किरिलला बॉर्नचं काही पडलेलं नव्हतं, त्याला काम मिळालं होतं, त्यानेच तो भीतिदायक होता. इथला मारेकरी, व्हिन्सेंट कासेल, याने निकीला मारलं, यानेच वडलांना मारलेलं, शिवाय बॉर्नने मागे जे उघड केलं त्यामुळे याला कैदेत छळ सोसावा लागला म्हणून याचाही राग. जग इतकं मोठं दाखवता, चार देश, आणि त्यात माणसं फिरून फिरून तीच. शेवटी वेगासमध्ये हा पोलिसांची चिलखती गाडी घेऊन रस्त्यावरच्या गाड्या कागदासारख्या उडवत जातो, त्या पाठलागात 170 च्या आसपास गाड्या मोडल्या असं तेव्हा बातम्यांत होतं. मला त्यातली एकही आठवत नाही. मॉस्कोतली ती पिवळी टॅक्सी अजून आठवते, तिच्या काचेचा तडा आठवतो. आणि मग हातघाईत बॉर्न त्याला मारून टाकतो. किरिलला सोडून चालू पडलेला माणूस, इथे मान आवळून जीव घेतो, आणि सिनेमाला त्याबद्दल काही म्हणायचंच नाही. त्याला मारावं की नाही हा प्रश्नही पडत नाही कोणाला.

अमेरिकन सरकार लोकांवर पाळत ठेवतं हे उघड करणाऱ्या स्नोडेनची गोष्ट 2013 ला घडून गेलेली. सिनेमात एक सोशल मीडियावाला तरुण उद्योगपती आहे, रिझ अहमद, ज्याने सरकारला लोकांच्या माहितीत मागच्या दाराने शिरू दिलंय. यात खरा सिनेमा होता. आपण सगळे फोन खिशात घेऊन फिरतो, लपून राहायला आता पाळोळेही पुरणार नाही, हे बॉर्नसारख्या माणसासाठी किती मोठं आहे! ते सगळं बाजूला ठेवून वडलांची फाइल.

माझा एक मित्र मला म्हणतो, तू जास्तच मनाला लावून घेतोस, सिनेमाने जगभरात चाळीस कोटी डॉलरच्या वर कमावले, लोकांनी बघितला, अ‍ॅक्शन आहे, झालं की. मी त्याच्याशी भांडलोय यावरून, आणि परत भांडेन. कारण अ‍ॅक्शन सिनेमाकडून अपेक्षा ठेवायला मला याच मालिकेने शिकवलं. काही न देणाऱ्या सिनेमाचा मला राग येत नाही, असे शेकडो येतात, मी विसरतो. यांना येत होतं. एकाच दिग्दर्शकाला, एकाच नटाला येत होतं, एक मेलेली बाई पूर्ण सिनेमाभर जिवंत ठेवायला येत होतं, आणि या वेळी त्यांनी ते केलं नाही.

सिनेमा सुटला तेव्हा मामा काही बोलला नाही. तिन्ही सिनेमांच्या शेवटी वाजलेलं तेच गाणं याच्याही शेवटी वाजलं, लोक उठले, मामा पडद्यावरची नावं संपेपर्यंत बसून राहिला. मला वाटलं पाय आखडलाय. मग गाडीत बसल्यावरही गप्पच. कुंकळ्ळी गेली, बाळ्ळी गेली, घाट लागला, वायपर फाटकं कापड ओढल्यासारखा आवाज करत होता.

घाट उतरताना म्हणाला, "ते चलयेक विसरलो मरे तो." त्या मुलीला विसरला तो.

मला वाटलं निकीबद्दल बोलतोय. मी म्हटलं हो, ती मेल्यावर तिचं काहीच उरलं नाही.

"ती न्हय. आमची."

मी गाडी चालवत राहिलो. मी इतका वेळ निकीचा, वडलांचा, कासेलचा हिशोब डोक्यात मांडत होतो आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या 123 मिनिटांत मारी कुठेच नव्हती. एवढ्या जुन्या आठवणी काढल्या, बैरुत काढलं, भरतीचे दिवस काढले, आणि त्या आठवणींमध्ये मला तरी पाण्यात मागे जाणारी ती बाई दिसली नाही.

चावडीला चार रस्त्यावर पाव घेतले आणि घरी पोचेपर्यंत दहा वाजले असतील. मामाने ओला शर्ट काढून दोरीवर टाकला, टीव्ही लावला, ती सुटी डिस्क कव्हरमधून काढून बनियनला पुसली आणि घातली. जेवण तसंच झाकलेलं. किनाऱ्यावर पळणारा बॉर्न, वही, बाजार, जीप. पुलावर आली तेव्हा मला वाटलं मामा बंद करेल, त्याने नाही केलं. पाण्यातलं सगळं बघितलं. मग किनाऱ्यावरचा जाळ, एकेक फोटो, आणि एक फोटो तो बाजूला ठेवतो तिथे मामाने रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"हें बरें केलें ताणें," म्हणाला.

बाहेर पाऊस कमी झाला होता, समुद्राचा आवाज येत होता. चित्र तसंच थांबवून ठेवून मामा आत गेला, आणि आतून त्याने विचारलं, आमटी गरम करू की तशीच खाशील.